आईंचं ताट वेगळं ठेवलंय, चुकलं का माझं?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत. सासूबाई ६७ वर्षांच्या, आधी निफाडकडे गावी असायच्या, सासरे गेल्यापासून आमच्याकडेच. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर गाठ आली, आम्हाला वाटलं रांजणवाडी. त्यांनी खारकेची बी उगाळून लावली, लवंग लावून झाली. दुखत नव्हती पण वाढत होती, लालसर जांभळी दिसायला लागली. डॉक्टरांनी आधी मलम आणि शेक सांगितला, मग छोटं ऑपरेशन करून तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्टमध्ये मर्केल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, असं आलंय. दुसऱ्या डॉक्टरांनी मुंबईला जा म्हटलं आणि बोलता बोलता म्हणाले की याचा एका व्हायरसशी संबंध असतो. तिथून माझं डोकं फिरलंय. मुलगा साडेतीन वर्षांचा, दिवसभर आजीच्या मांडीवर. मी आईंचा टॉवेल, उशी, ताट-वाटी वेगळं केलं. मिस्टर माझ्याशी नीट बोलत नाहीत. आई काही म्हणाल्या नाहीत पण आता स्वतःच ताट घेऊन गॅलरीत बसतात. आणि मुलाच्या गालावर, पापणीजवळ मोत्यासारखे बारीक दाणे आलेत, ते बघून मला रात्र रात्र झोप नाही. ते एचपीव्हीचं इंजेक्शन आम्ही सगळ्यांनी घ्यावं का? शेजारच्या काकू म्हणतात गाठीला चाकू लावला म्हणून कॅन्सर झाला. आई म्हणतात द्राक्षाची एप्रिलची छाटणी होऊ दे, मग जाऊ मुंबईला. मी काय करू? - एक सून, सिडको"

अगं, पहिलं काम आज संध्याकाळी करायचं, आईंचं ताट गॅलरीतून आत आणायचं आणि नेहमी जिथे बसून जेवता तिथे मांडायचं. बाकीचं सगळं खाली सविस्तर सांगते पण हे उद्यावर टाकू नकोस. त्यांच्यापासून तुझ्या मुलाला कॅन्सर लागणार नाही, टॉवेलमधून नाही, ताटातून नाही, मांडीवर बसून नाही, पापा घेतल्याने नाही.

तू घाबरलीस याबद्दल मी तुला बोल लावणार नाही. व्हायरस हा शब्द कोविडनंतर आपल्या घराघरात असा शिरलाय की ऐकला की हात आपोआप वेगळा टॉवेल शोधतात, आणि लेकरू साडेतीन वर्षांचं असल्यावर कुठली आई शांत बसेल. डॉक्टरांनी अर्धं वाक्य बोलून सोडून दिलं, उरलेलं अर्धं तू भीतीने भरलंस. मी वीस-बावीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटशी बोलायचं काम केलंय, डॉक्टर नाहीये मी, पण हे अर्धं सोडलेलं वाक्य घेऊन बाहेरच्या बाकावर येऊन बसलेली माणसं खूप पाहिलीत. तर ते उरलेलं वाक्य आता पूर्ण करू.

ज्या व्हायरसबद्दल ते बोलले त्याचं नाव मर्केल सेल पॉलिओमाव्हायरस. नावात पॉलिओ ऐकू येतं म्हणून आधीच सांगते, पोलिओशी याचा काही संबंध नाही. मर्केल हे एका जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव, त्यांनी १८७५ मध्ये कातडीतल्या या पेशींचं वर्णन केलं, आपल्याला हलका स्पर्श कळतो त्यात या पेशींचा हात असतो. या कॅन्सरचं पहिलं वर्णन झालं १९७२ मध्ये, पण तो कशाने होतो हे पुढची पस्तीसेक वर्षं कोणाला नीट सांगता येत नव्हतं. मग २००८ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला युआन चँग आणि पॅट्रिक मूर या जोडप्याच्या लॅबमध्ये या गाठींच्या पेशींमध्ये कोणाचा परका जीन मिसळलाय का ते शोधलं, आणि तपासलेल्या १० पैकी ८ गाठींमध्ये हा व्हायरस सापडला. पुढे इतरांनी केलेल्या तपासण्यांतही बऱ्याच ठिकाणी प्रमाण साधारण तेवढंच, दहात आठ, आलं. म्हणजे तुझे डॉक्टर खोटं बोलले नाहीत, संबंध आहे आणि पक्का आहे.

पण आता पुढचं ऐक, कारण तुझी सगळी भीती इथे अडकलीय. हा व्हायरस दुर्मिळ नाहीये. तो जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या कातडीवर असतो, लहानपणीच कधीतरी येतो, ताप नाही पुरळ नाही काही नाही, कळतही नाही, आणि जन्मभर गुपचूप राहतो. तुझ्या कातडीवर असेल, मिस्टरांच्या असेल, माझ्या असेल, आणि मुलगा बालवाडीत गेला की त्यालाही कोणाकडून तरी मिळेलच, किंवा मिळालाही असेल. म्हणजे आईंचा टॉवेल वेगळा करून तू ज्याला अडवायला निघालीस तो आधीच सगळ्यांच्या घरात राहतोय आणि कोणाला काही करत नाहीये.

मग आईंनाच का झालं? हे समजायला तुझ्या सासरच्या बागेतलीच गोष्ट घेऊ. ड्रिपची मोटर असते, बटण दाबलं की चालू, दाबलं की बंद. समज स्टार्टर आत चिकटला आणि बंदचं बटणच तुटलं, मग मोटर चालूच राहणार, पाणी लागो न लागो. क्वचित, फारच क्वचित, असं होतं की या व्हायरसचा तुकडा कातडीच्या एखाद्या पेशीच्या डीएनएमध्ये जाऊन घुसतो, आणि घुसताना किंवा नंतर त्याचा स्वतःचा एक भाग तुटतो. तुटलेल्या व्हायरसला आता स्वतःच्या नव्या प्रती काढता येत नाहीत, पण त्याचं उरलेलं एक प्रोटीन पेशीचा ब्रेक निकामी करून ठेवतं, म्हणून पेशी वाढत राहते. दोन अपघात एकाच पेशीत व्हावे लागतात आणि वर शरीराच्या पहाऱ्याला ते दिसू नयेत, एवढं सगळं जुळलं तर गाठ. म्हणून हा व्हायरस एवढ्या सगळ्यांच्या अंगावर असूनही हा कॅन्सर इतका दुर्मिळ आहे.

आणि यातच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आलं बघ. गाठीतला व्हायरस मोडका आहे, तो नवीन व्हायरस तयारच करत नाही. ती गाठ कोणाला काही देऊ शकत नाही. आईंच्या पापणीला ड्रेसिंग करताना नेहमीसारखे हात साबणाने धू, आधी आणि नंतर, ते त्यांच्या जखमेत जंतू जाऊ नयेत म्हणून.

शरीराचा पहारा का ढिला पडतो तर एक म्हणजे वय, हा आजार बहुतेक पन्नाशीनंतरचा. ज्यांची किडनी वगैरे बदललीय आणि प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू आहेत, ज्यांना एचआयव्ही आहे किंवा काही प्रकारचे रक्ताचे कॅन्सर आहेत, त्यांच्यात तो जास्त दिसतो, म्हणून मुंबईला गेल्यावर आईंच्या सगळ्या जुन्या गोळ्यांची पिशवी सोबत ने, विशेषतः सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉईड चालू असेल तर ते आपणहून सांग. आणि दुसरं ऊन. ज्या थोड्या गाठींमध्ये व्हायरस सापडत नाही त्यांच्या पेशींमध्ये उन्हाने झालेल्या जखमा ढिगाने दिसतात. आईंचं सगळं आयुष्य निफाडच्या बागेत गेलं असणार, छाटणी, विरळणी, डिपिंग, सगळं भर उन्हात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत नक्की कशाने झालं हे मला इथून सांगता येणार नाही, आणि खरं तर उपचार दोन्हीकडे जवळपास सारखेच असल्यामुळे बरेचदा डॉक्टर व्हायरसची वेगळी टेस्ट करतही नाहीत. ती टेस्ट करा म्हणून मागे लागू नकोस, तो पैसा प्रवासाला ठेव.

मुलाच्या दाण्यांचं. फोटो न बघता आणि डॉक्टर नसताना मी निदान करणार नाही, पण मोत्यासारखे, चकचकीत, मध्ये बारीक खड्डा असलेले दाणे लहान मुलांच्या गालावर आणि पापणीवर येतात त्यात एक फार नेहमीचा प्रकार आहे, मोलस्कम म्हणतात त्याला. तोही व्हायरसनेच होतो, पण देवीच्या घराण्यातला वेगळाच व्हायरस आहे, आजीच्या आजाराशी त्याचं काही नातं नाही, आणि त्याचा कॅन्सर होत नाही. बहुतेक मुलांचे दाणे काही महिन्यांत आपले आपण जातात, कधी वर्षभर किंवा जास्तही लागतं. गंमत नाही पण बघ कसं आहे, टॉवेलने जो पसरतो तो हा, आणि तू टॉवेल वेगळा केलास तो आजीचा. तर आता टॉवेल मुलाचा वेगळा ठेव, दाणे फोडू नकोस, आणि पापणीच्या अगदी कडेला दाणा असेल आणि डोळा लाल होत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव, नसेल तर तुमच्या नेहमीच्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं तरी चालेल. एकदा दाखवच म्हणजे तुला झोप लागेल.

एचपीव्हीच्या इंजेक्शनबद्दल विचारलंस. तो तिसराच व्हायरस, आणि ती लस मर्केलच्या व्हायरसवर काम करत नाही, त्यावर अजून वापरात कुठलीच लस नाही. त्यामुळे आईंच्या आजारासाठी घरात कोणी इंजेक्शन घ्यायची गरज नाही. एचपीव्ही मात्र डोळ्याच्या बाबतीत अगदीच निर्दोष नाही, पापणीवर जे चामखीळ येतात त्यातले काही त्याचे असतात आणि ते साधे असतात, पण बुबुळाजवळच्या पांढऱ्या भागावरचा एक कॅन्सर आणि पापणीतल्या तेलाच्या ग्रंथींचा कॅन्सर यांच्या काही गाठींमध्ये एचपीव्ही सापडलाय, काही अभ्यासांत सापडला काही अभ्यासांत नाही, मर्केलइतकं चित्र तिथे स्वच्छ नाही. ती लस मुख्यतः गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी आहे आणि त्यासाठी ती खरंच मोलाची आहे, आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे, घरात ९ ते १४ वर्षांची पुतणी-भाची असेल तर तिच्या आईला नक्की सांग, त्या वयात दोन डोस पुरतात.

आता काकूंचं. चाकू लावला म्हणून कॅन्सर होत नाही, पसरतही नाही. हा समज मी पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत ऐकलाय आणि त्यापायी माणसांनी महिनोन्महिने घालवलेले पाहिलेत. कॅन्सर आधीच होता, तुकडा तपासल्यामुळे तो कळला. ज्या डॉक्टरांनी तो तुकडा तपासायला पाठवला त्यांचे मी तुझ्या जागी आभार मानले असते, कारण सगळे पाठवत नाहीत. माझी मावशी नाशिकरोडला राहायची, तिच्या वरच्या पापणीला एकाच जागी तीनदा गाठ आली. दोनदा एका दवाखान्यात ती साधी गाठ म्हणून खरवडली आणि जे निघालं ते टाकून दिलं. तिसऱ्यांदा दुसरीकडे गेलो तेव्हा त्यांनी पॅथॉलॉजीला पाठवलं आणि तेलाच्या ग्रंथींचा कॅन्सर निघाला. तोपर्यंत वरच्या पापणीचा निम्म्याहून जास्त भाग काढावा लागला, खालच्या पापणीतून भाग वर घेऊन नवी पापणी केली, त्यासाठी कितीतरी आठवडे तो डोळा शिवून बंद होता. मावशी नंतर बरी राहिली, पण पहिल्याच वेळी तो कण एका बाटलीत घालून पाठवला असता तर एवढं झालं नसतं हे मला आजही खुपतं. गोऱ्या लोकांच्या देशात पापणीचा कॅन्सर म्हटलं की बेसल सेल नावाचा संथ प्रकार असतो, दहात नऊ तसेच. आपल्याकडे तसं नाही, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने पाचशेच्या वर पेशंटचा अभ्यास मांडलाय त्यात निम्म्याच्या आसपास हा तेलग्रंथींचाच होता, आणि तो दिसतो हुबेहूब साध्या गाठीसारखा.

म्हणून हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते, रांजणवाडी दुखते, लाल होते, आठ-दहा दिवसांत फुटते किंवा बसते. न दुखणारी गाठ महिनाभर शेक देऊन गेली नाही, किंवा काढल्यावर त्याच जागी परत आली, किंवा तिथल्या पापणीचे केस गळले, कडा जाड झाली, खपली धरून रक्त येतं, किंवा एकाच डोळ्याला महिनोन्महिने लाली आहे आणि थेंब घालून जात नाही, तर डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा आणि तोंडाने विचारा की हे तपासायला पाठवणार ना. विचारायला लाजू नका. आणि आईंच्यासारखी लालसर जांभळी, न दुखणारी, आठवड्या-आठवड्याला वाढणारी गाठ असेल तर महिना पण थांबू नका. खारकेची बी उगाळून लावल्याने आईंचं काही बिघडलं नाही, फक्त दिवस गेले, त्याचं त्यांना कोणी ऐकवू नका आता.

छाटणीनंतर जाऊ म्हणतात ते मात्र ऐकू नकोस. बाग थांबेल, दीर-भाचे कोणीतरी बघेल, हा आजार छाटणीसाठी थांबणारा नाहीये. पापणीच्या कॅन्सरमध्ये मर्केल हा अंगावर काढायच्या लायकीचा नाही, तो लवकर वाढतो आणि कानापुढच्या, जबड्याखालच्या, मानेच्या गाठींमध्ये, म्हणजे तिथे मुळातच असणाऱ्या लसिकाग्रंथींमध्ये, जायला बघतो. तुला घाबरवायला सांगत नाहीये, पण आठवडे मोजायचे दिवस आहेत हे मिस्टरांनाही कळू दे. दुसरी बाजूही तितकीच खरी, गाठ अजून पापणीपुरतीच असेल तर आजूबाजूच्या चांगल्या भागासकट पूर्ण काढून, गरजेप्रमाणे रेडिएशन देऊन, डोळा वाचतो आणि माणूसही पुढे चांगला राहतो असं होतं. रेडिएशनला हा प्रकार चांगला दाद देतो. आणि पसरलाच असेल तरी आता पूर्वीसारखं हात टेकायची वेळ नाही, २०१७ पासून इम्युनोथेरपीची औषधं या कॅन्सरसाठी मान्य झालीत अमेरिकेत, म्हणजे शरीराच्या झोपलेल्या पहाऱ्याला जागं करणारी, महाग आहेत आणि सगळ्यांना लागू पडत नाहीत, तो विषय आला तर तेव्हा बोलू.

मुंबईला जाताना काय न्यायचं ते नीट वाच. नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नकोस. जिथे तुकडा तपासला त्या लॅबमधून स्लाईड आणि ब्लॉक मागून घे, ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा. टाटाला किंवा कुठल्याही मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलला गेलं की ते स्वतः परत तपासतात, आणि ब्लॉक नसला की नाशिकला परत पाठवतात, त्यात आठवडा जातो. लॅब सही घेऊन देते, तो तुमचा हक्क आहे. रिपोर्टमध्ये सीके २० असं काही लिहिलंय का बघ, ती या कॅन्सरची ओळख पटवायची तपासणी असते, लिहिलं नसेल तर तिकडे करतील, काळजी नको. आईंच्या कानापुढे आणि जबड्याखाली बोटांनी हलकं चाचपून बघ, काही लागलं तर तिथल्या डॉक्टरांना सांग, पण नाही लागलं म्हणून स्कॅन टाळू नका. रेशन कार्ड असेल तर आधारसोबत तेही ठेव आणि हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेचं आधीच विचार, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाही. सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून दादरला उतरलात तर परळ जवळ आहे, पण पहिल्या दिवशी रांगेतच दिवस जातो, दोन दिवसांचे कपडे आणि आईंची जेवणाची वेळ सांभाळायला डबा ने.

आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ने, तिथे गेलं की सगळं विसरायला होतं. कडेपर्यंत सगळं निघालं हे ऑपरेशनच्या वेळीच तपासणार का, मानेच्या लसिकाग्रंथींची तपासणी करणार का, रेडिएशन लागेल का, नंतर डोळा नीट मिटेल ना. हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग कोरडेपणाने बुबुळाला त्रास होतो, थेंब किती महिने घालायचे तेही विचारून ठेव. ऑपरेशननंतर पहिली दोन-तीन वर्षं तपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत, परत येतो तो बहुतेक त्याच काळात येतो.

उरलं ते आईंशी बोलणं. त्यांनी काही न म्हणता ताट उचललं याचा अर्थ त्यांनी राग धरला असा मी धरत नाही, त्या नातवाला वाचवत होत्या, त्यांच्याही डोक्यात तेच आहे जे तुझ्या डोक्यात होतं. म्हणून नुसतं ताट आत आणून भागणार नाही, कारण सांग. सांग की आई, मी विचारून घेतलं, हे कोणाला लागत नाही, माझी चूक झाली. मोठं माफीचं भाषण नको, एवढंच, आणि मग पोराला त्यांच्या मांडीवर सोड. मिस्टरांना हे पत्र वाचायला दे, ते चिडलेत ते आईसाठीच, तुझ्यावर नाही.

उद्या दुपारपर्यंत लॅबला फोन कर, ब्लॉक द्यायला कधीकधी त्यांना दोन दिवस लागतात. मुंबईहून आलीस की मला लिही, काय म्हणाले ते, मी वाट बघते.